तारीख नसलेला ठसा

सुरुवातीलाच सांगून टाकते — मी भुताखेतांवाली नाही. आमच्या घरात तसली हवाच नव्हती. बाबा तर इतके पक्के की मांजर आडवं गेलं तर मुद्दाम थांबून त्याची विचारपूस करतील. मी स्वतः प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. त्यामुळे अमानवीय अनुभवांच्या सदरात आपण कधी लिहू असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं, आणि त्या निमित्ताने सगळं पुन्हा वर आलं. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू… हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही १९८७ मध्ये गिरगावातून मीरा रोडला आलो. शांती नगर, चौथा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा. बिल्डिंग अगदी कोरी होती. नळाला पाणी कमी आणि भिंतींना रंगाचा वास जास्त, असे ते दिवस. बाबा एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, रेघ वाकडी दिसली की त्यांना जेवण जायचं नाही. साहजिकच सोसायटीने त्यांना सेक्रेटरी केलं आणि त्यांचं बिल्डरशी पहिलं भांडण झालं ते गच्चीवरून.

गच्चीवर सिमेंटचा कोबा घातला होता, दोरी मारून छान चौकोन पाडले होते. आणि सिमेंट ओलं असतानाच कुठलंसं कुत्रं त्यावरून चालत गेलं होतं. नऊ ठसे. टाकीच्या भिंतीपासून निघालेले, तिरपे नैऋत्येच्या कोपऱ्याकडे गेलेले आणि कठड्यापाशी संपलेले.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "साहेब, कोबा घातला तेव्हा शेवटचा जिना झालाच नव्हता. आम्हीच शिडीने चढायचो. कुत्रा शिडी चढेल का?"

"मग काय हेलिकॉप्टरने उतरला?" बाबा म्हणाले.

घरात तो हेलिकॉप्टरवाला कुत्रा म्हणूनच प्रसिद्ध झाला. दरवर्षी एप्रिलमध्ये आई त्याच्या ठशांच्या आजूबाजूला पापड पसरायची. मीही तिथे उन्हात कावळे हाकत बसलेय. पण एम.एस्सी.ला जाईपर्यंत त्या ठशांकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

एक्याण्णवच्या डिसेंबरमध्ये माझं प्रबंधाचं काम सुरू झालं. विषय होता कोल्ह्यांचा वावर. तेव्हा आमचा सेक्टर संपला की रस्ता संपायचा, आणि पुढे मिठागरं, बांध, खाजण आणि तिवरं. तिथे कोल्हे होते, रात्री त्यांची कोल्हेकुई आमच्या बाल्कनीत ऐकू यायची. ते कुठून येतात, कुठे जातात, काय खातात, हे मला शोधायचं होतं. प्राण्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर-बिलर लावायची चैन आमच्या कॉलेजला परवडणारी नव्हती. माझे गाईड सबनीस सर म्हणाले, "माती आहे ना? मग झालं. माती सगळं लिहून ठेवते."

पद्धत अशी. बांधावर ठराविक अंतराने मातीचे बारा पट्टे करायचे. संध्याकाळी माती चाळून, गोणपाट फिरवून प्रत्येक पट्टा पाटीसारखा सपाट करायचा. सकाळी जाऊन वाचायचा. चांगला ठसा मिळाला की त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं आणि ते ओलं असतानाच पाठीवर खिळ्याने तारीख आणि पट्ट्याचा नंबर कोरायचा. सरांचा सगळ्यात कडक नियम हाच होता. ते म्हणायचे, तारीख नसलेला ठसा म्हणजे नुसता दगड.

या कामात मला जोडीदार मिळाली ती जनामावशी. जुन्या भाईंदरची कोळीण, वय पंचावन्नच्या आसपास, खाजणात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला यायची. पहिल्या दिवशी मी गोणपाट फिरवत असताना कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभी राहिली.

"बाय, कनाला सारवतंस? इथं कोन जेवाया येनार हाय?"

मी समजावलं. ती मनापासून हसली. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याआधी हजर. मी एका ठशाला कुत्रा म्हटलं, तर म्हणाली, "कुत्रा न्हाय हाय ह्यो. कुत्रा हालत-डुलत चालतो, त्याला घाई नसते. ही बग कशी सरल चालली हाय." पुस्तकात बघितलं, मावशी बरोबर. कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मुळाशी जोडलेल्या असतात, ती खूणही त्या ठशात होती. त्या दिवसापासून पुस्तक मी घरीच ठेवायला लागले.

घरी मात्र माझं काम फारसं लोकप्रिय नव्हतं. कोल्ह्यांची विष्ठा वाळवायला मी मिठाईचा रिकामा खोका वापरला आणि तो बाल्कनीत ठेवला, एवढंच माझं चुकलं. बाबांनी सोनपापडी समजून उघडला. त्यात सापडलेले चिंबोरीच्या नांग्यांचे तुकडे हा माझ्या प्रबंधातला महत्त्वाचा पुरावा होता, पण तो दिवस हे सांगण्याचा नव्हता.

आता त्या कोल्हीबद्दल. माझ्या वहीत ती 'मादी क्र. ३' होती. तिच्या उजव्या पुढच्या पंजाच्या मोठ्या गादीवर चंद्रकोरीसारखी चीर होती, त्यामुळे ठसा लगेच ओळखू यायचा. डिसेंबरभर तिचे चारही बोटांचे स्वच्छ ठसे मिळाले. मग जानेवारीतल्या एका सकाळी पाचव्या पट्ट्यावर रक्त दिसलं. सशासाठी कोणीतरी तारेचा फास लावला होता, त्यात तिचं बाहेरचं बोट गेलं. मावशीने तो फास उपटून खाडीत फेकला आणि लावणाऱ्याला अशा शिव्या दिल्या की मी त्या इथे लिहू शकत नाही. त्यानंतर तीन बोटं आणि ती चंद्रकोर, असा ठसा यायला लागला. मावशी तिला लंगडी म्हणायला लागली, मग मीही.

एप्रिलमध्ये लंगडी आम्हाला एकदा दिवसाउजेडी दिसली. तिवरांच्या कडेने लगबगीने चालली होती. पोट खाली उतरलेलं, आचळं भरलेली.

"व्यायली हाय," मावशी म्हणाली. "पिलं हायत."

मला आनंद आणि धास्ती एकदमच वाटली. कारण त्याच आठवड्यात भरावाचे डंपर आले होते. नव्या रस्त्यासाठी त्या बाजूची सगळी पडीक जमीन मातीने भरायची होती. माझे पहिले तीन पट्टे भरावाखाली गेलेच होते. बीळ कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि जिथे कुठे असेल तिथे माती पडली की पिल्लं आतल्या आत गाडली जाणार. प्रबंधाला बिळाची गरज नव्हती हो. पण चार महिने रोज सकाळी जिच्या पावलाला पाऊल लावून फिरले, तिची पिल्लं अशी जाणार हे मला सहनच होईना.

भरावाच्या कामावर जयेशभाई नावाचे सुपरवायझर होते. डोक्याला रुमाल, हातात कटिंग चहा, आवाज मोठा पण माणूस मऊ. मी त्यांना गाठलं.

"बेन, पूरा मैदान कैसे छोडूं? मेरी नोकरी जाएगी," ते म्हणाले. "आप जगह दिखाओ. उतनी जगह छोड देता हूं. लेकिन शुक्रवार को गाडी उधर जाएगी, बोल देता हूं."

तो सोमवार होता.

सोमवार, मंगळवार, बुधवार… मावशी आणि मी अक्षरशः ओणव्याने फिरलो. लंगडीचे ठसे नवव्या पट्ट्यापर्यंत यायचे आणि पुढे भरतीच्या चिखलात पुसून जायचे. त्यापलीकडे बांधच बांध आणि शेकडो बिळं, त्यातली निम्मी मुंगसांची आणि चिंबोऱ्यांची.

"सरल घरी न्हाय जायाची ती," मावशी म्हणाली. "आपन बगतो हे तिला ठावं हाय."

गुरुवारी सकाळी मी रिकाम्या हाताने घरी आले. डोळे भरून आले होते. आईने ते पाहिलं. हातात पापडांची पाटी दिली आणि म्हणाली, "गच्चीवर चल, जरा हात चालव." आईकडे सगळ्या दुःखांवर हाच इलाज होता, आणि बरेचदा लागू पडायचा.

मी चादर पसरली, पापड मांडत मांडत कोपऱ्याकडे सरकले… आणि हातातला पापड हातातच राहिला.

हेलिकॉप्टरवाला कुत्रा कुत्रा नव्हताच. मधल्या दोन बोटांच्या गाद्या जोडलेल्या होत्या. ठसे सरळ एका रेषेत, हालत-डुलत नव्हे. कोल्हा. आणि उजव्या पुढच्या पंजाला बाहेरचं बोट नव्हतं. मी जवळ वाकले. मोठ्या गादीवर चंद्रकोर होती.

सकाळचे अकरा वाजले होते, ऊन रणरणत होतं, शेजारच्या बिल्डिंगवर कुणीतरी गाद्या झोडपत होतं. भीती वाटावी असं आजूबाजूला काहीही नव्हतं. तरी माझ्या हातावर काटा उभा राहिला. हा कोबा सत्त्याऐंशी सालचा. लंगडीचं बोट गेलं या जानेवारीत. तिच्या रक्तात बोट बुडवून मीच बघितलं होतं.

पापड आईवर सोपवले. खाली जाऊन होकायंत्र आणलं आणि जे मातीत करायची सवय होती तेच केलं — ठशांची दिशा घेतली. मग माझा नकाशा घेऊन बाबांसमोर बसले. नेमकी त्यांना त्या दिवशी रजा होती. म्हटलं, "बाबा, आपल्या गच्चीच्या कोपऱ्यातून या अंशावर एक रेघ मारून द्या. अगदी सरळ."

बाबांना रेघ मारायला सांगितलं की ते कारण विचारत नाहीत. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, पट्टी लावली आणि रेघ मारली. रेघ सेक्टर ओलांडून, मिठागर ओलांडून माझ्या नवव्या पट्ट्याच्या थोडं पुढे एका जुन्या उघाडीवरून गेली. उघाडी म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. ती वापरात नव्हती, दार कुजलेलं, वर झुडपं माजलेली. तिथून तीच रेघ पुढे तिवरांत घुसत होती.

दुपारी मावशीला घेऊन तिथे गेले. ती माझ्यापुढे झुडपं बाजूला सारत चालली. कुजलेल्या दाराच्या बाजूला, बाहेरून दिसणारच नाही असं भोक होतं. तोंडाशी नांग्यांचा ढीग. मावशी पालथी पडली, कान जमिनीला लावला आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं फुललं. मला हाताने ओढून खाली घेतलं. आतून बारीक कूं-कूं येत होतं.

जयेशभाईंना बोलावलं. ते आधी कुरकुरले, मग रुमाल अंथरून त्यांनीही कान लावला. उठले ते वेगळेच होऊन उठले. "अरे, ये तो डिलिव्हरी केस है," म्हणाले. बांबूला लाल फडकं बांधून बांधावर रोवलं आणि ड्रायव्हरांना दम भरला की त्या फडक्याच्या आसपास हॉर्नसुद्धा वाजला तर खैर नाही. शुक्रवारी डंपर आले आणि उघाडीला वळसा घालून गेले. मी रस्त्यात उभी राहून रडले आणि जयेशभाईंनी मला चहा पाजला.

पण एवढी वर्दळ लंगडीला कुठून रुचायला? शुक्रवारी संध्याकाळी मी उघाडीच्या पलीकडे, तिवरांच्या वाटेवर एक नवा पट्टा केला होता. शनिवारी सकाळी त्यावर सगळा वृत्तांत लिहिलेला होता. तिवरांकडे जाणारे ठसे खोल, पुढच्या बोटांवर भार पडलेला. परत येणारे उथळ. ती पिल्लं तोंडात धरून एकेक करून नेत होती. आम्ही मोजलं. जाताना चार वेळा. येताना तीन वेळा. चौथ्यांदा गेली ती परत आलीच नाही, म्हणजे चार पिल्लं. मावशीने काठी घालून बीळ बघितलं, रिकामं. मी चारही खेपांचे प्लास्टरचे ठसे घेतले, तारखा कोरल्या. आणि ती गेली होती नेमकी बाबांच्या पेन्सिलीच्या रेघेवरून.

त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या एका ठशाला आईचं गोडेतेल चोपडून मी त्यातही प्लास्टर ओतलं. खिळा हातात घेतला… आणि तारीख काय घालायची तेच कळेना. कोरी पाठ तशीच राहिली.

पंधरा दिवसांनी मावशी घरी आली. हातात माझ्यासाठी चिंबोऱ्या, चेहऱ्यावर बातमी.

"बगलीं मी. खेलत व्हतीं तिवरांत. पाच हायत."

"चार, मावशी."

"पाच. मना मोजता येतंय."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दुर्बिणीतून बघितलं. पाच. पाचही गुबगुबीत, एकमेकांच्या शेपट्या ओढणारी. तुम्ही म्हणाल, एक पिल्लू नराने नेलं असेल. मीही हेच म्हटलं. पण नराचा पंजा मोठा असतो आणि पट्ट्यावर त्याचा एकही ठसा नव्हता. मग म्हटलं, एक खेप तिने पट्टा चुकवून केली असेल. तर मग त्याआधी चौथ्यांदा परत येतानाही नेमका पट्टा चुकवूनच आली? मावशीला विचारलं तर म्हणाली, "आयला वाट इचारायची नसते, बाय." आणि चिंबोऱ्यांना मसाला किती लावायचा ते सांगायला लागली.

जूनमध्ये सबनीस सरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझे सगळे ठसे टेबलावर मांडले. एकेक उलटा करून तारीख वाचायचे, वहीशी ताडून बाजूला ठेवायचे. मी तो कोरा ठसा का नेला, मला माहीत नाही. कदाचित कुणीतरी 'हा वेगळा आहे' म्हणावं अशी माझी इच्छा होती.

सरांनी तो उचलला. "याची तारीख कुठाय?"

मी वहीची पानं उलटायला लागले. सरांनी मान हलवली, ठसा उजेडाला धरला, भिंगातून पाहिला, पट्टीने मोजला. मग शनिवारच्या चार ठशांच्या शेजारी ठेवला.

"हा त्याच सकाळचा," ते म्हणाले. "बघ, सगळा भार पुढच्या बोटांवर. तोंडात ओझं असल्याशिवाय पंजा असा पडत नाही. चार नाही, पाच खेपा झाल्यात. एक मोजायची राहिली तुझी. निष्काळजीपणा आहे हा, रोहिणी."

आणि खिशातलं पेन काढून त्यांनी त्याच्या पाठीवर त्या शनिवारची तारीख घातली.

मी 'हो सर' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, बीळ कसं सापडलं? मी म्हटलं, उंच जागेवरून दिशा घेऊन. त्यात खोटं काहीच नव्हतं. पास झाले, बऱ्यापैकी मार्क मिळाले.

त्या रात्री जेवताना मी आई-बाबांना सगळं सांगितलं. आई घास हातात धरून ऐकत राहिली. बाबा म्हणाले, "योगायोग," आणि ताकाची वाटी पुढे केली. नंतर ते गच्चीवर जाऊन आले, एवढं मला जिन्याच्या आवाजावरून कळलं.

आता छताकडे येते. गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंगवाला आला. म्हणाला, चीर नैऋत्येच्या कोपऱ्यात आहे, नेमकी त्या कुत्र्याच्या पायांखाली, तेवढा कोबा फोडून नवा घालावा लागेल. आमचं स्वयंपाकघर त्याच कोपऱ्याखाली येतं. बारा वर्षं त्या ठशांबद्दल तक्रार करणाऱ्या सेक्रेटरींनी वर्क ऑर्डरवर सुवाच्य अक्षरात लिहिलं — 'नैऋत्य कोपरा वगळून.' बाकी गच्ची चकचकीत झाली. गळायचं ते आमच्या ओट्यावर गळतच राहिलं, आणि तिथे आईचं मोठं पातेलं कायमचं मुक्कामाला आलं.

मी माहेरी गेले तेव्हा बाबांना विचारलं, "हे काय? तुम्ही तर योगायोग म्हणाला होतात."

"अजूनही म्हणतो." त्यांनी पेपर खाली केला, चष्मा पुसला. "पण समज, उद्या तो कोपरा फोडला. आणि तिकडे तिची ती खेप झालीच नाही, असं झालं तर? चारच राहिली तर?"

"बाबा, ती पिल्लं आता म्हातारी झाली असतील."

"मग होऊ दे ना सुखाने म्हातारी."

मी हसले. तेही हसले. मावशी अजून भाईंदरला आहे, सर निवृत्त झालेत, आणि तो ठसा माझ्या कपाटात आहे, सरांच्या अक्षरातल्या तारखेसकट. हे सगळं कसं घडलं असेल? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. त्या दिवशी आमचं हसणं संपेपर्यंत ओट्यावरचं पातेलं भरलं होतं, बाबा उठले, ते मोरीत रिकामं केलं आणि पुन्हा नेमकं त्या गळतीखाली आणून ठेवलं.